दुकानाचा आवाज

विधी आखाजीच्या सणाला चोपड्याला आली ती दादाजींसाठी आवाज घेऊन.

दादाजींचं, म्हणजे सुरेशचंदांचं, ऑपरेशन मुंबईला झालं त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याच्या पायथ्याशी बोराएवढं छिद्र राहिलं आणि श्वास आता तिथूनच चालायचा. हॉस्पिटलवाल्यांनी गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. सुरेशचंदांनी ते एकदाच लावून बघितलं. मिक्सर बोलायला लागल्यासारखा आवाज आला, समोर बसलेल्या पाहुण्याला हसू आवरेना, आणि यंत्र कपाटात गेलं ते गेलंच. मोटारी, पंप आणि पाइपांचं दुकान मुलगा पारस बघू लागला. ज्या माणसाने उभ्या तालुक्याच्या विहिरींना आवाज देऊन पाणी चढवलं, तो पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून राहू लागला.

बोलायचं असलं की ते नुसते ओठ हलवत. घरातली मारवाडी बोली, त्यात आवाज नाही. कुणाला काही कळायचं नाही. कळायचं ते फक्त त्यांच्या बायकोला, हीराबाईंना. त्या ओठांकडे बघत आणि मग वळून सांगत, हे असं म्हणतायत. सुनेला, नातवाला, डॉक्टरांना, दारी आलेल्या जैन महाराजसाहेबांना, सगळ्यांना. घराला त्याची इतकी सवय झाली होती की बाबूजींशी बोलताना पारस बाईकडे, म्हणजे आईकडेच, बघायचा.

पारसची मुलगी विधी हे सगळं सुट्टीला आल्यावर बघायची. पुण्यात ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, आणि गेले दोन महिने रविवार-रविवार बसून तिने हे जमवलं होतं. स्वयंपाकघरात रसाचे आंबे पिळत बसलेल्या दादीजींना ती ते समजावून सांगत होती. दादाजींच्या जुन्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप साठायचा. ते सगळे कॉल तिने कॉम्प्युटरला ऐकवले. माणूस कुठे थांबतो, कुठे सूर चढवतो, कुठला शब्द लांबवतो, हे त्याने उचललं. आता दादाजींनी फोनवर नुसतं टाइप करायचं, फोन त्यांच्या आवाजात बोलेल.

हीराबाईंनी कोय बाजूला टाकली. त्यांना विज्ञानाचं वावडं नव्हतं. दवाखान्यात गळ्यात नळी घालून आतलं चित्र पडद्यावर दाखवलं तेव्हा सगळे तोंड फिरवून बसले होते आणि त्या एकट्या जवळ जाऊन बघत होत्या. त्यांनी विधीला एकामागून एक विचारलं. कॉम्प्युटरला शब्दांचा अर्थ कळतो, की नुसता नाद? तो दमतो का? दादाजी रागावले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा, मोठा नाही. हे त्याला कसं ठाऊक असणार?

 विधीने फोन काढून ऐकवलंच. फोन म्हणाला, "राम राम भाऊ. बस, पानी पे. काय म्हणते मोटार?"

हीराबाईंचे हात रसात तसेच राहिले. आवाज त्यांचाच होता. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि या वेळी डोळे मिटून ऐकलं.

"यात खरखर आहे," त्या म्हणाल्या. "पूर्वी नव्हती. हा दुखणं बसल्यानंतरचा आवाज आहे. आपल्याला तेव्हा कळलं नाही, पण याने ऐकलंय बघ."

विधीने ते रेकॉर्डिंग शेकडो वेळा ऐकलं होतं. तिला ती खरखर म्हणजे दादाजींचा आवाजच वाटली होती. सून रुची कणीक मळता मळता थांबली आणि सासूकडे बघत राहिली. रुचीला वाटलं होतं बाईजी रडतील. त्या रडल्या नाहीत. त्या आंबे पिळू लागल्या, पण हात हळू चालत होता.

खरं म्हणजे हीराबाईंना दुसरंच काही आठवत होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

*

हिलाल नाना आला तेव्हा पारस ओट्यावर पेपर वाचत होता. गल्लीत निंबाला झोके बांधले होते आणि माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. हिलाल त्यांना वळसा घालून आला. सातपुड्याच्या पायथ्याला त्याची केळी होती आणि त्याच्या बापापासूनची गिऱ्हाइकी या दुकानाशी होती. त्याच्या डोक्यावर कैऱ्यांची टोपली होती, पण चेहरा सणाचा नव्हता.

टोपली खाली ठेवून त्याने आधी विचारलं, भाऊ कुठं शे, तब्येत बरी शे ना?

पारस म्हणाला, बरी आहे, आत बसलेत.

"मंग काल उनात का नही?" हिलाल म्हणाला. "मी दिनभर वाट देखी."

बाबूजी कुठे येणार होते, ते पारसला कळेना. हिलाल सांगू लागला. परवा त्याची बोअरची मोटार बंद पडली. केळी घडावर आलेली, वर हे ऊन. त्याने दुकानाच्या नंबरवर फोन लावला आणि फोन उचलला तो खुद्द सुरेशभाऊंनी. त्याला इतका आनंद झाला की मोटारीचं सांगायच्या आधी तो रडलाच. आवाज परत आला म्हणून त्याने गावात गूळ वाटला. भाऊ जरा शुद्ध बोलत होते, पण त्याला वाटलं, मुंबईच्या दवाखान्यात राहून आलं माणूस, तिकडची हवा लागली असेल. भाऊंनी सगळं नीट विचारलं, केबल बघायला सांगितली, फ्यूज बघायला सांगितला. आणि शेवटी म्हणाले, घाबरू नको, मी शे ना, उद्या सकाळी मी स्वतः येतो. म्हणून त्याने दुसरा मिस्त्री बोलावला नाही. काल दिवसभर तो बांधावर बसून होता.

"भाऊना शब्द कधी खाले पडना नही," हिलाल म्हणाला. "म्हणून मी घाबरनू. म्हटलं, काही व्हयनं का काय."

पारस उठला आणि त्याने मुलाला, रोनकला हाक मारली. दुकानाचा फोन गेल्या पंधरा दिवसांपासून रोनककडे होता.

रोनक बावीस वर्षांचा, बापापेक्षा उंच. तो बाहेर आला आणि हिलालला बघताच त्याला कळलं. त्याने लपवाछपवी केली नाही. विधीने आवाजाची फाइल त्याला तपासायला पाठवली होती, कारण दुकानात दादाजींना जवळून ऐकलेला तोच होता. त्याने ती एका फोन उचलणाऱ्या कॉम्प्युटरला जोडली. जुन्या कॉलमधले प्रश्न आणि दादाजींची उत्तरं त्याला शिकवली. दुपारी दुकान बंद असताना आणि गर्दीत फोन घेता येत नसताना हा कॉम्प्युटरच बोलायचा. विधीला हे ठाऊक नव्हतं. दारात उभी राहून ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. ती भावाला म्हणाली की मी तुला ऐकायला दिलं होतं, वापरायला नाही.

रोनकचं म्हणणं वेगळं होतं. गिऱ्हाईक दादाजींनाच मागतं. पप्पांचं कुणी ऐकत नाही, त्याचं तर नाहीच. तो म्हणाला की एकही उत्तर चुकलेलं नाही, हवं तर ऐका. त्याने फोनवर दोन-तीन कॉल लावून दाखवले. पारस ऐकत राहिला. कुणाला किती अश्वशक्तीची मोटार लागेल, कुठला पाइप उन्हात टिकेल, सगळं बरोबर होतं. अगदी बाबूजी सांगत तसं. पारस चिडून उठला होता, पण ऐकता ऐकता त्याचा राग निवत चालला, आणि हे त्याचं त्यालाच खटकलं. गेल्या वर्षभरात लोकांनी त्याला हजारदा ऐकवलं होतं, की भाऊ असते तर. हा आवाज फोनवर असला तर निदान ते ऐकावं लागणार नाही.

"येतो म्हणायचं तेवढं काढून टाक," तो हळूच रोनकला म्हणाला.

रुची दारातून म्हणाली की आधी बाबूजींना विचारा. ती फार बोलणारी नव्हती, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. आणि बघितलं तर तिच्या मागे सुरेशचंद उभे होते.

त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. हिलाल पुढे झाला, पाया पडला आणि म्हणाला, भाऊ, बोला ना माझ्याशी. सुरेशचंदांनी ओठ हलवले. हिलालने वाट बघितली. मग त्याने त्यांच्या गळ्याकडे बघितलं, तिथल्या ओल्या कापडाकडे बघितलं आणि पारसकडे बघितलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो ओट्याच्या कडेला जाऊन बसला.

*

सुरेशचंदांनी विधीकडे हात केला. तिने आपला फोन त्यांच्या हातात दिला आणि कुठे लिहायचं, कुठे दाबायचं ते दाखवलं. ते पुढच्या खोलीत, दारालगतच्या आपल्या खुर्चीत बसले. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी लिहायला घेतलं. सगळे भोवती उभे राहिले, आतून हीराबाईही आल्या. कुणीतरी पंखा वाढवला.

दीड वर्षात पहिल्यांदा ते मध्ये कुणाला न घेता बोलणार होते. त्यांच्या मनात बरंच साचलं होतं. खुर्चीत बसून माणूस सगळं बघतो. मुलगा दुकानातून येऊन काय सांगतो आणि काय सांगत नाही, तेही बघतो. त्यांनी लिहिलेलं एकदा वाचलं आणि दाबलं.

"पारस, दुकान तू मला न विचारता त्या पोराच्या हाती दिलंस," फोन म्हणाला. "मी अजून मेलेलो नाही."

शब्द इतके कडू आणि आवाज इतका गोड, की रोनकला क्षणभर हसावं की घाबरावं ते कळेना. गिऱ्हाइकाला पाणी विचारतानाचा तो आवाज होता.

पारस मात्र गोरामोरा झाला. "मी विचारलं होतं, बाबूजी," तो म्हणाला. "दिवाळीत विचारलं. इथेच. बाईने सांगितलं, तुम्ही म्हणालात, पोरगं शिकू दे."

सुरेशचंदांनी पुन्हा लिहिलं. या वेळी थोडंच.

"मी तसं म्हटलं नव्हतं."

 गल्लीतल्या झोक्यांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. पारसने आईकडे बघितलं. रुचीने जमिनीकडे बघितलं. तिला वर्षभरापासून संशय होता. ओठ लांबलचक हलायचे आणि बाईजींचं वाक्य छोटं असायचं. ओठ रागाने हलायचे आणि बाईजी म्हणायच्या, भाजी छान झालीय म्हणतायत.

हीराबाईंनी पदराला हात पुसले.

"हे म्हणाले होते, पोरगं दुकान बुडवेल," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं, शिकू दे. माणसाला धीर असला तर दोन्हीचा अर्थ एकच होतो."

"बाई, आणखी किती?" पारसने विचारलं.

 हीराबाई नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. सुरेशचंद ओठ हलवत होते, भराभर, आणि त्या बघत होत्या. सगळे सवयीने थांबले, त्या वळतील आणि सांगतील म्हणून. त्या वळल्या नाहीत. त्यांचं ऐकून झालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं खरं आहे. पण माझंही ऐका. घरात कुणाचं मन मोडलं नाही, ते या दीड वर्षात. आधी रोज मोडत होतं."

सुरेशचंदांचे ओठ थांबले. बायको आपलं बोलणं बदलून सांगते, हा विचार त्यांना कधी शिवलाही नव्हता. सुनेचा चेहरा अलीकडे उजळ का दिसतो, मुलगा संध्याकाळी येऊन जवळ का बसतो, याचं कारण त्यांनी दुखण्याला दिलं होतं. आजारी माणसाशी लोक गोड वागतात, असं त्यांना वाटायचं. आता ते सगळं उलटं फिरलं. त्यांना राग आला आणि त्या रागाला कुठे बसायला जागा सापडेना.

आणि वर हा आवाज. तो ऐकून त्यांनाही चमत्कारिक वाटत होतं. फोन बोलला तेव्हा त्यांना आपण गल्ल्यावर बसल्यासारखं वाटलं. हीराबाई जे मनात ठेवून होत्या ते बोलल्याच, पण त्यात तक्रार नव्हती, एखादी नवलाची गोष्ट सांगावी तसं त्या म्हणाल्या, "हा तुमचा दुकानाचा आवाज आहे. छान आहे. हा कधी घरी आला नव्हता."

विधीने डोक्याला हात लावला. ते सगळे कॉल गिऱ्हाइकांचे होते. घरी कोण कुणाला फोन करतं? करायचेच तर, भाजी काय आणू, एवढं विचारून ठेवून द्यायचे.

ओट्याच्या कडेवरून हिलाल उठला. म्हणाला, घरचं घरात राहू द्या भाऊ, मी निघतो, सावद्याहून मिस्त्री बघतो. त्याचा आवाज कोरडा होता. त्याने टोपली तशीच ठेवली होती. तो पायऱ्या उतरू लागला तेव्हा सुरेशचंदांनी खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली. हिलाल थांबला. सुरेशचंदांनी घाईघाईने लिहिलं आणि फोन वर धरला.

"हिलाल. आवाज माझा होता, म्हणजे शब्द माझा. चल."

आणि ते टोपी घ्यायला आत गेले.

*

गाडी रोनकने चालवली. दादाजींनी बोटाने त्यालाच स्टीअरिंगकडे पाठवलं होतं आणि स्वतः शेजारी बसले होते; ती शिक्षा आहे की मान, हे त्याला वाटभर कळलं नाही. पारस दुकानातून जोडणीचं सामान आणि एक जादा मोटार टेम्पोत घालून मागून येत होता. विधी मागे बसली आणि तिच्या शेजारी हीराबाई. त्यांना कुणी चल म्हटलं नव्हतं. पण धूळ आणि ऊन असलं की गळ्याच्या छिद्रावरचं कापड दर थोड्या वेळाने ओलं करावं लागे आणि ते त्यांच्याशिवाय कुणाला नीट जमत नसे. पाण्याचा तांब्या मांडीवर धरून त्या बसल्या होत्या. सुरेशचंद त्यांच्याकडे बघत नव्हते. कापड वाळलं की नुसती मान मागे करत.

हिलालच्या शेतात केळीची पानं दुपारच्या उन्हात दोन्हीकडून मिटली होती. घड खाली लोंबत होते, त्यांना टेकू लावलेले. सुरेशचंद बांधावर उतरले आणि क्षणभर तसेच उभे राहिले. दीड वर्षांनी ते शेतात आले होते. मग ते सरळ स्टार्टरच्या पेटीकडे गेले. झाकण उघडलं, वास घ्यायला वाकले. छिद्रातून श्वास घेणाऱ्या माणसाला वास येत नाही, हे ते विसरले होते. हीराबाई विसरल्या नव्हत्या. त्या वाकून म्हणाल्या, जळल्याचा वास आहे. सुरेशचंदांनी मान हलवली.

त्यांना हिलालशी बोलायचं होतं. त्यांनी फोन काढला, लिहिलं आणि दाबलं. फोन एक शब्द बोलून थांबला. पडद्यावर अक्षरं आली की फोन फार तापला आहे, जरा थांबा. विधीने तो ओढणीखाली धरला, सावलीत नेला, फुंकर घातली. फोन काळा पडला तो उघडेना.

हिलाल हे सगळं बघत होता. त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला की त्याचाही फोन असाच करतो, आणि पाऊस येईल म्हणून सांगतो तेव्हा पाऊस येत नाही, पण भाव मात्र बरोबर सांगतो. सगळं वाईट म्हणता येत नाही, सगळं चांगलंही.

सुरेशचंदांनी बायकोकडे बघितलं. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच. ओठ हलले, हातवारे झाले, बोट स्टार्टरकडे गेलं, बोअरकडे गेलं, हिलालकडे गेलं. हीराबाई बघत होत्या. झालं तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. सवयीचं एक मऊ वाक्य त्यांच्या जिभेवर आलेलं विधीला दिसलं. ते त्यांनी गिळलं.

"हे म्हणतायत," त्या म्हणाल्या, "दरवर्षी उन्हाळ्यात पाणी खाली जातं. दरवर्षी मी तुला सांगतो, पाणी तुटलं की मोटार आपोआप बंद करणारी डबी बसव. तू बसवत नाहीस. कोरडी चालवून मोटार जाळलीस. तू गाढव आहेस आणि तुझा बापही गाढव होता, पण तो निदान ऐकायचा."

 सुरेशचंद हिलालकडे बघत होते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बायकोकडे.

हिलालने डोक्यावरचा रुमाल काढला. त्याच्या खांद्यापासून हसू सुरू झालं आणि मग ते त्याला आवरेना. तो बांधावर बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आते खरा सुरेशभाऊ बोलना."

दुपार कलेपर्यंत बोअरमधून मोटार वर काढली, जादा मोटार खाली सोडली. पारस आणि रोनक दोघांनी पाइप धरले आणि सुरेशचंद हाताने खुणा करत उभे राहिले. पाणी पाटात आलं तेव्हा हिलालची बायको यशोदाबाई चहा घेऊन आली. तिने हीराबाईंना विचारलं, की भाऊ नुसते ओठ हलवतात, तुम्हाला कळतं कसं? हीराबाई म्हणाल्या, पन्नास वर्षं ते बोलत होते तेव्हाही मी ओठांकडेच बघायचे.

*

दुकानाच्या फोनवरून रोनकने तो आवाज काढला. पारसने सांगितलं म्हणून नाही. तो आवाज ठेवावा का, हे पारस अजूनही मनात घोळवत होता. दादाजींनी रोनकला समोर बसवून फोनवर लिहिलं की उत्तरं बरोबर होती, ती तू शिकवलीस म्हणजे तुला येतात. मग तुझ्या आवाजात दे. रोनकने ते वाचलं आणि उठला. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना तो स्वतः उत्तरं देऊ लागला. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

विधीला परत जायला एक दिवस होता. तिने आणलेला आवाज कुणी टाकून दिला नव्हता, पण दादाजी तो घरात वापरतही नव्हते. तिला वाटलं आपले दोन महिने वाया गेले. सकाळी ती सामान भरत होती तेव्हा हीराबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी रात्रभर विचार केलेला दिसत होता. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटरला घरचा आवाज शिकवायचा असेल तर काय लागेल?

विधी म्हणाली की घरात बोललेलं रेकॉर्डिंग लागेल, आणि ते नाही.

"मला पाठ आहे," हीराबाई म्हणाल्या. "मी बोलून दाखवलं तर?"

विधी हसणार होती. मग ती थांबली आणि विचार करू लागली. असं करता येत होतं. एकाने बोलायचं, चढउतार त्याचा, आणि वरून आवाज दुसऱ्याचा चढवायचा. तिने ते कधी करून बघितलं नव्हतं. दोघी पुढच्या खोलीत गेल्या. सुरेशचंद खुर्चीत बसले होते, शेजारी स्टुलावर चहाचा कप. विधीने फोन हीराबाईंसमोर धरला.

हीराबाईंनी घसा खाकरला. खांदे जरा वर घेतले, हनुवटी पुढे काढली आणि त्या नवऱ्यासारख्या बोलल्या, तुटक, शेवटचा शब्द गिळून. रुची दारात येऊन उभी राहिली. सुरेशचंदांनी मान हलवली, असं नाही. ओठांनी काही सांगितलं. हीराबाई म्हणाल्या, "हे म्हणतायत, मी इतका खडूस नव्हतो." आणि लगेच, "होते." त्यांनी पुन्हा बोलून दाखवलं, या वेळी आणखी बारीक आवाजात. राग आला की बारीक. सुरेशचंदांचे खांदे हलू लागले. त्यांचं हसणं आता असंच होतं, बिनआवाजाचं. दीड वर्षात ते कुणी बघितलं नव्हतं.

विधीने बराच वेळ फोनशी खटपट केली. कुठेतरी अडत होतं, तिने पुन्हा केलं, कानाला लावून ऐकलं, खरखर गाळली, पुन्हा बदललं. मग तिने फोन स्टुलावर, कपाशेजारी ठेवला आणि दाबलं.

"आ चाय है कांई? ठंडी हुयगी."

पन्नास वर्षं रोज सकाळी त्या खोलीत ऐकू आलेलं वाक्य. खरखर नव्हती त्यात. हीराबाई नकळत अर्ध्या उठल्या, हात कपाकडे गेलाही.

सुरेशचंदांनी त्यांच्या आधी कप उचलला आणि तो गार चहा शेवटपर्यंत पिऊन टाकला.